पाखरांची दोरी

आठवा महिना, तिसरा दिवस

आज देवळात सगळं गाव पाणी प्यायलं. मला सोडून.

या वयात एवढा राग बरा नव्हे, पण आलाय. लावणीपासून गावात एकच विषय आहे, कारभारी हिरुमा. राजधानीतल्या हवेलीची ही जमीन. त्यांनी सारा गोळा करायला म्हणून हा तलवारवाला पाठवला आणि तो इथे स्वतःच राजा होऊन बसला. ऐन लावणीत बाप्ये धरून नेले, कशाला, तर आपल्या गढीभोवती खंदक खणायला. मागोजिरोची घोडी नेली ती नेलीच, वर ती मागायला गेला म्हणून त्याला फटके. वादळाने अर्धं भात आडवं झालं त्या सालीही सारा पुरा. हवेलीकडे माणसं गेली ती दारातूनच हाकलली. तेव्हा आता गावाने ठरवलंय, हिरुमाला काढा, नाहीतर आम्ही चाललो डोंगरात. सगळेच्या सगळे. उभं पीक टाकून.

शपथ कागदावर लिहिली, देवासमोर जाळली, राख झऱ्याच्या पाण्यात कालवली आणि एकाच वाडग्यातून सगळ्यांनी घोट घेतला. हे पाणी पिऊन जो फिरेल त्याचं देव बघून घेतो. वाडगं फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. मी हातसुद्धा पुढे केले होते. गोनशिरोबाबांनी, म्हणजे गावातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाने, ते माझ्यासमोरून उचललं आणि पलीकडच्या तोरामेला दिलं. आणि तोरामे! भिंतीला भिंत लागून राहते माझ्या, रोज सकाळी भांडल्याशिवाय तिला घास उतरत नाही, तिने माझ्याकडे बघितलंही नाही. घटाघटा प्यायली मेली.

मान्य, मी हवेलीची. बाईसाहेब होत्या तोवर त्यांच्या पायाशी राहिले, त्या गेल्यावर डोकं भादरून भिक्षुणी झाले आणि हवेलीने मला या गावच्या जिझोची, म्हणजे वाटसरूंना राखणाऱ्या दगडी देवाची, देवळी सांभाळायला पाठवून दिलं. पण त्याला बारा वर्षं झाली. या गावातल्या किती मढ्यांसाठी मी सूत्रं म्हटली, किती बाळांची नावं ठेवली. घोटभर राखेच्या पाण्याचीही माझी लायकी नाही?

नको. मी नाही बोलणार कुणाशी.

आठवा महिना, पाचवा दिवस

गेले.

उजाडायच्या आत घराघरांवर वेळूच्या हिरव्या डहाळ्या बांधून झाल्या होत्या. दाराला, वळचणीला, कुडाला. एकदा डहाळ्या बांधल्या की घर टाकलेलं नसतं, देवाच्या ताब्यात असतं. कारभारी असो की खुद्द हवेलीचे मालक, आत पाय टाकायची कुणाची छाती नाही. आणि सोडायच्या त्या ज्याने बांधल्या त्याच्याच हातांनी. दुसऱ्याने सोडल्या तर घरधन्याचा घात होतो. एका दिवसात सगळं गाव रान झालं.

तोरामे तिच्या दाराची शेवटची गाठ मारत होती. विधवा बाई, मागेपुढे एक पुतण्या हिकोसाबुरो, पण गाठ स्वतःच मारणार. मी बोलायचं नाही ठरवलं होतं, तर तीच आली.

"माई, कान इकडे कर. वरच्या बांधावरचा राखणीचा माळा माहीत आहे ना? तिथली मोठी दोरी सकाळ-संध्याकाळ ओढायची. दणकून. सगळ्या खाचरांतले खडखडे वाजले पाहिजेत."

"मी काय तुमची राखणदार?"

"खातेस ना आमचं? मग ओढ. आणि हे बघ, गावात परकं माणूस असेल तर दोरीला हातसुद्धा लावायचा नाही. पाखरांनी सगळं साफ केलं तरी."

"ते का म्हणून?"

"का म्हणजे? आमच्यातली समजून बडवून काढतील तुला."

म्हणजे मी त्यांच्यातली नाही, हे जाता जाता पुन्हा ऐकवलंच.

"कुठे चाललात ते तरी सांग."

"नाही सांगत. तुला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात तुझे."

एवढं बोलून ती पाठीवर मडकं बांधून चालू लागली. मागे वळून बघितलं नाही. मी मात्र ती दिसेनाशी होईपर्यंत उभी होते, मूर्खासारखी.

आठवा महिना, सहावा दिवस

दोरी ओढली. दोरीला जागोजागी लाकडी पट्ट्या टांगलेल्या आहेत, एक हिसका दिला की एका खाचरापासून दुसऱ्या खाचरापर्यंत खडखड करत जाते. चिमण्यांचा थवाच्या थवा उठला. आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. बाई गं, केवढा आवाज! माणसं होती तेव्हा एवढा कधी वाटला नव्हता.

आता भिंतीपलीकडे कुणी खोकतही नाही.

आठवा महिना, नववा दिवस

हवेलीकडून मला मिळणारे तांदूळ हिरुमाच्या गढीतून यायचे, ते अर्थातच बंद झाले. मडक्यात राळ्याचे चार दाणे होते, ते काल संपले. आज भुकेल्या पोटी जिझोसमोरची जागा झाडायला गेले, तर मूर्तीच्या पायाशी पानात बांधून राळ्याचा गोळा आणि खारवलेला मुळा!

पलीकडच्या खोऱ्यातला कोळसेवाला अधूनमधून या वाटेने जातो, त्याचंच काम असणार. भाविक आहे बिचारा. देवासमोरचं मीच खायचं असतं, तेव्हा खाल्लं. मुळ्यात मीठ फार. तोरामेसारखाच हात. जगात खारट मुळा करणारी ती एकटीच नाही म्हणायची.

जिझोला म्हटलं, "बघितलंस? परक्या कोळसेवाल्याला माझी दया आली, आणि ज्यांच्यात बारा वर्षं काढली त्यांना नाही." तो नेहमीसारखा हसत राहिला. दगडाचा आहे.

आठवा महिना, तेरावा दिवस

हिरुमाची माणसं आली. घोडी, भाले, आरडाओरडा. मागोजिरोच्या घोडीवरच एक टोणगा बसला होता. दारांवरच्या डहाळ्या बघून सगळे अंगणातच थबकले. एकाने शिव्या देत भाला उगारला, दुसऱ्याने त्याचा हात धरला. देवाच्या भानगडीत कोण पडतो.

मग माझ्याकडे वळले. "ए टकले, कुठे गेलं गाव?"

"मला ठाऊक नाही."

"खोटं बोलतेस?"

"माझे कान बघा," मी म्हटलं.

त्यांना काही समजलं नाही. एकाने ढकलून दिलं, कोपर सोललं. पण खरंच माहीत नाही म्हटल्यावर करणार काय? तोरामेने सांगितलेलं लक्षात होतं, म्हणून दिवसभर दोरीला हात लावला नाही. संध्याकाळी ते कंटाळून निघून गेले.

आज जिझोसमोर काही नव्हतं. कोळसेवाला घोड्यांना घाबरला असेल.

आठवा महिना, पंधरावा दिवस

आज पौर्णिमा. दरवर्षी या दिवशी अळूचे कंद उकडून सगळे देवळाच्या ओट्यावर बसतात, चंद्र उगवायची वाट बघतात, आणि गोनशिरोबाबा तेच ते गाणं बेसूर म्हणतात. तोरामे दरवर्षी म्हणते, "चंद्र पळून जाईल हो बाबा." दरवर्षी सगळे हसतात.

सकाळी जिझोसमोर उकडलेले कंद होते. साल न काढता, जसे मला आवडतात तसे. योगायोगच म्हणायचा. कोळसेवाल्याला मनापासून आशीर्वाद दिला आणि रडत रडत खाल्ले. एकटीने खाल्लेल्या गोष्टीला चव नसते. आणि मीठ याही वेळी जास्तच.

कधीकधी वाटतं, ते परत येणारच नाहीत. डोंगरापलीकडे दुसरी जमीन धरतील. माझी कुणाला आठवणही होणार नाही. माझ्या मढ्यासाठी सूत्र म्हणायला कोण आहे?

आठवा महिना, एकोणिसावा दिवस

आज कुणीतरी मला माझ्या नावाने हाक मारली!

म्योशुन या भिक्षुणीच्या नावाने नाही, माई म्हणून नाही. "चिगुसा!" म्हणून. बाईसाहेबांनी ठेवलेलं नाव. मी झाडू टाकून वळले तर उंच टोपी घातलेला एक रुबाबदार माणूस, आणि चेहरा मात्र तोच. मुनेतो! हवेलीत हरकाम्या पोर होता तेव्हा स्वयंपाकघराच्या मागच्या दारी येऊन उभा राहायचा, आणि मी त्याला भांड्याच्या तळाची खरपुडी काढून द्यायचे. आता हवेलीचा मोठा कारकून आहे. सोबत एकच नोकर. बाकीची माणसं नदीच्या उतारापलीकडे ठेवली म्हणाला, उगाच गावात गर्दी नको. किती समजूतदार.

सुगंधी काड्या आणल्या होत्या, आणि पांढऱ्या तांदळाच्या वड्या. मी चहा केला तर म्हणाला, "तुझ्या हातची खरपुडी नाही का?" हसून हसून डोळ्यांत पाणी आलं माझ्या. किती दिवसांनी हसले.

तो म्हणाला, "हवेलीलाही हिरुमा नकोच आहे. पण बोलायचं कुणाशी? या झाडपाल्याशी? एक शहाणा माणूस समोर येऊ दे, एका दिवसात मिटवतो."

मी म्हटलं, "मलाही नाही सांगितलं कुठे गेले ते."

"तुलाही नाही?" त्याला खरंच वाईट वाटलं. "बारा वर्षं राहिलीस ना त्यांच्यात?"

मग मी सगळं बोलून टाकलं. वाडग्याचं, तोरामेचं, जिझोसमोरच्या गोळ्यांचं, सगळं. खाचरात चिमण्या उतरल्या तेव्हा त्याने विचारलं, "यांना हाकलत नाहीस?"

"रोज हाकलते. पण परकं माणूस गावात असलं की दोरी ओढायची नाही, असं तोरामेने बजावलंय."

त्याने वर डोंगराकडे बघितलं. वडीचा तुकडा हातात तसाच. मग हसून म्हणाला, "मी परका?"

इतकी शरम वाटली मला.

आठवा महिना, विसावा दिवस

तोरामेच्या शेताच्या तुकड्यावर सकाळपासून एवढ्या चिमण्या होत्या की लोंब्या वाकल्या. मी माळ्याखाली दोनदा गेले आणि परत आले. मुनेतो ओट्यावर बसून होता. "तुझं तू ठरव, चिगुसा. पण धान्य शेवटी सगळ्यांच्याच पोटात जायचंय. त्यांच्याही."

खरंच आहे. आणि परका कोण? ज्याला मी माझ्या हाताने भरवलं तो? की ज्यांनी माझ्यासमोरून वाडगं उचललं ते? पाखरांना काय कळतं कोण परकं ते?

ओढली दोरी. चांगली दणकून, सकाळीही आणि संध्याकाळीही. डोंगरावरून आवाज परत आला. मुनेतो म्हणाला, "सुंदर."

आठवा महिना, एकविसावा दिवस

तोरामेला धरलं.

उजाडताना जिझोकडून किंचाळी ऐकू आली. धावत गेले. मुनेतोची माणसं झुडपांत बसून होती. दोघांनी तिचे हात मागे बांधले होते आणि ती एकाला चावत होती. पायाशी टोपली पालथी पडलेली. राळ्याचे गोळे धुळीत. मुळा.

आज लिहवत नाही.

आठवा महिना, बाविसावा दिवस

ती येत होती. इतके दिवस तीच येत होती. कसला कोळसेवाला आणि कसलं काय. दोरीचा आवाज वर ऐकू गेला की समजायचं, गाव मोकळं आहे, आणि मग ही बया एवढा डोंगर उतरून मला खायला आणून ठेवायची. कपाळ माझं! दोरी पाखरांसाठी नव्हती, माझ्यासाठी होती. आणि तोंडाने एक शब्द सांगितला नाही, कारण माझे कान लाल होतात.

दुपारी मुनेतोने नदीच्या उतारावर बोलावलं. तिला वडाएवढ्या जाड झाडाला बांधलं होतं, आणि तो पडद्याच्या सावलीत बसला होता. आवाज तसाच गोड. "चिगुसा, मला या म्हातारीत काही रस नाही. मला गोनशिरो हवा. उद्या पुन्हा दोरी ओढ. ही आली नाही म्हणून कुणीतरी शोधायला उतरेलच, आणि एक हाती लागला की बाकीच्यांची वाट सापडते. गोनशिरो मिळाला की हिला सोडतो. माझा शब्द. आणि तूही चल. ऊब असलेली खोली देऊ तुला. इथे कोण आहे तुझं?"

मी तोरामेकडे गेले. ओठ फुटला होता. मला वाटलं, थुंकेल. तर म्हणते कशी, "एवढे दिवस माझा मुळा खाल्लास आणि ओळखला नाहीस?"

"मीठ जास्त आहे म्हणाले होते मी. जिझोला."

"तुला कधी आवडलंय काही."

मला हुंदका आवरेना. "तोरामे, मी ओढली गं दोरी. तो मला परका वाटला नाही."

"माहीत आहे. रडू नकोस, शेंबडी दिसतेस." मग हळू आवाजात विचारलं, "माझ्या तुकड्यावर पाखरं बसलीत का?"

"बसलीत."

"बसू देत. यंदा त्यांनाच खाऊ दे." आणि सरळ माझ्याकडे बघितलं. "पण शपथ माझ्या गळ्यात आहे, तुझ्या नाही. तू पाणी प्यायलेली नाहीस. तुला हवं ते कर माई, देव तुला काही करणार नाही."

वाडगं का उचललं ते आज कळलं. मला मोकळं ठेवलं होतं त्यांनी. आणि हे मोकळेपण घेऊन मी काय करू? दोरी ओढली तर तोरामे सुटते. नाही ओढली तर जाते. मला ती हवीय. गाव गेलं खड्ड्यात, मला माझी तोरामे हवीय, असं आज पन्नासदा म्हणून झालं.

आठवा महिना, तेविसावा दिवस

मी ओढली नाही म्हणून काय झालं, मुनेतोच्या नोकरालाही दोन हात आहेत, हे सकाळी उठल्या उठल्या सुचलं. तेव्हा मुळा चिरायचा सुरा घेतला आणि उजाडताच माळ्यावर चढले. दोरी कापली. मग खाचराखाचरांतून चिखलात गुडघ्यापर्यंत रुतत तिचा तुकडा न् तुकडा कापला. लाकडी पट्ट्या पदरात गोळा केल्या आणि चुलीत घातल्या. वाळलेलं लाकूड, छान पेटलं.

प्रत्येक काप देताना मी मोठ्याने तिची माफी मागत होते. वेडी झालेय असं वाटलं असेल बघणाऱ्याला.

मुनेतो आला तेव्हा मी राख सारखी करत होते. चुलीकडे बघितलं, माझ्या चिखलाच्या पायांकडे बघितलं. "हे तू तिच्या जिवावर केलंस," म्हणाला.

"हो."

"आता तिला राजधानीला न्यावं लागेल."

"तुला मी खरपुडी द्यायचे रे," मी म्हटलं.

"म्योशुनबाई, येतो," म्हणाला आणि गेला. चिगुसा म्हणाला नाही.

आठवा महिना, चोविसावा दिवस

नेलं. घोड्यावर बांधून. मी उतारापर्यंत धावले, दम लागला, पडले. ती लांबून ओरडली, "माझं दार कुणी उघडायचं नाही! मी येऊन सोडीन!"

मग काहीतरी आणखीही ओरडली, पण नदीचा आवाज मोठा होता. काय म्हणाली असेल? दिवसभर तेच डोक्यात आहे.

नववा महिना, दुसरा दिवस

पाखरं. मी अशी पाखरं जन्मात बघितली नाहीत. पलीकडच्या खोऱ्यांतूनही येत असावीत. सकाळी उतरतात ती अंधार पडेपर्यंत. मी बांधावर नुसती बसून असते. हात आपोआप दोरी शोधतो.

जिझोसमोर काही नसतं. कसं असणार? दोरी वाजत नाही, म्हणजे गाव मोकळं नाही, असंच वरच्यांना वाटत असणार. आणि आता यायचं कुणासाठी, कुणी? तरी रोज सकाळी जाऊन बघते. रानातला पाला उकडून खाते. मीठ नाही.

सगळ्यात वाईट काय असेल तर भिंतीपलीकडची शांतता. आधी तिथे माणूस नव्हतं, पण येणार होतं.

नववा महिना, चौदावा दिवस

आले! सगळे आले!

हवेली झुकली. पाखरं तिच्याही वाट्याचं खात होती ना. रोज कुणीतरी जाऊन सांगत होतं, आज एवढं गेलं, आज तेवढं गेलं. त्यात खालच्या दोन गावांनीही दारांना वेळू बांधला. मग हवेलीच्या मालकांना, उमरावसाहेबांना, एकदम कळलं, की हिरुमा वाईट माणूस आहे. त्याला काढला, यंदाचा सारा निम्मा केला, आणि गोनशिरोबाबांना देवळाच्या पुजाऱ्याकरवी निरोप पाठवला.

प्रत्येक जण आपापल्या हातांनी डहाळ्या सोडत होता. पोरं ओरडत होती, कुत्री भुंकत होती, मागोजिरो परत मिळालेल्या आपल्या घोडीच्या गळ्यात पडून रडत होता. जे काही दाणे उरलेत ते वाचवायला बायका थेट खाचरात उतरल्या. कोणीतरी मला मिठी मारली. कोणीतरी म्हणालं, "माईने दोऱ्या तोडल्या म्हणून वाचलो."

एकाच घरावर पाला तसाच आहे. वाळून पिवळा झालाय. सगळे त्याच्यासमोरून मान खाली घालून जातात.

हिकोसाबुरो, तिचा पुतण्या, बराच वेळ त्या दारात उभा होता. मी घरातून बाहेर आले नाही. तोरामेचं बंदिवानांत नाव आहे का म्हणून पुजाऱ्याला विचारलं, तर त्याला काही माहीत नाही. हवेलीने तिच्याबद्दल एक शब्द पाठवलेला नाही. म्हातारी बाई, विसरूनही गेले असतील.

नववा महिना, सोळावा दिवस

देवळात पुन्हा पाणी झालं, शपथ फिटल्याचं. सगळ्यांत शेवटी गोनशिरोबाबा वाडगं घेऊन माझ्यासमोर आले आणि चक्क गुडघे टेकून बसले.

"घे माई. आता तुला बांधायला हरकत नाही."

सगळा शरद मी या वाडग्यासाठी जळत होते. हात उचलेना. "बाबा, मी नाही घेऊ शकत. तुम्हाला ठाऊक नाही. ती कशी सापडली ते..."

"आम्हाला ठाऊक आहे," हिकोसाबुरो मागून म्हणाला. "आम्ही वर होतो ना. आवाज ऐकला आम्ही."

गोनशिरोबाबांनी वाडगं खाली ठेवलं नाही.

"मध्ये एक दिवस दोरी वाजली नव्हती," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी वाजली, पण दोन्ही वेळा भलतीच जोरात. बाबा म्हणाले, यात काहीतरी काळंबेरं आहे, कोणी जाऊ नका. काकीला मी धरून ठेवलं होतं. हात झटकून गेली."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, काल दोरी वाजली नाही म्हणजे म्हातारी कालपासून उपाशी असेल. तिला भूक सहन होत नाही, चिडते."

मी वाडगं घेतलं. प्यायले. तळाची राखसुद्धा बोटाने पुसून खाल्ली. लोकांसमोर एवढं मोठ्याने मी कधी रडले नव्हते, आणि कुणी मला गप्प केलं नाही.

नववा महिना, सतरावा दिवस

निघते. या गावात पाऊल टाकलं तेव्हा म्हटलं होतं, मरेन पण त्या हवेलीची पायरी पुन्हा चढणार नाही. पण हवेलीचं मागचं दार मला माहीत आहे, स्वयंपाकघरातल्या जुन्या बायांतली एखादी तरी जिवंत असेल. बंदिवानांना जेवण त्याच दारातून जातं. मुनेतोला सांगेन, ऊब असलेली खोली तुझी तुलाच, मला तिच्या जागी ठेव. नाही ऐकलं तर भांडी घासेन, पण तिला रोज घास पोचवेन. मीठ कमी घालेन, म्हणजे शिव्या द्यायला तरी तोंड उघडेल. ती जिवंत आहे. चिडलेली आहे, म्हणजे जिवंत असणारच.

गोनशिरोबाबा म्हणाले, थंडी पडेल, वाटेत मरशील. मी म्हटलं, मग सूत्रं म्हणायला तुम्ही आहातच, फक्त गाऊ नका.

बायकांनी गोळे बांधून दिलेत, मुळाही. कुणाच्याच हाताला तसं मीठ नाही. तिच्या दारावरचा पाला मी हात न लावता नुसता बघून आले.

काल हिकोसाबुरोकडून माळ्यावर नवी दोरी बांधून घेतली, नव्या पट्ट्या लावल्या. त्याला सांगितलं, रोज सकाळ-संध्याकाळ ओढायची, दणकून, लांब ऐकू गेली पाहिजे.

तो म्हणाला, "माई, पीक निघालं. आता पाखरं कशाला येतील?"

मी म्हटलं, तरी ओढ.